जुलैमधला टास्मानिया: होबार्टहून दिवसभराच्या सहली कशा आखाव्यात

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैच्या शालेय सुटीत पाच-सहा दिवसांसाठी टास्मानियाला, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावर, यायचे आहे. सोबत नाशिकहून आलेले, सत्तरीजवळ पोहोचलेले आई-वडील आणि दहा वर्षांची मुलगी आहे. मुक्काम तेथल्या राजधानीत, होबार्टमध्ये, ठेवून रोज भाड्याच्या गाडीने बाहेर पडायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा विचार आहे. मुलीला बर्फ पाहायचा आहे, आई-वडिलांना दोन-तीन तासांपेक्षा जास्त चालणे झेपणार नाही, आणि ओळखीतले बरेच जण म्हणतात की हिवाळ्यात तिकडे जाण्यात अर्थ नाही, डिसेंबर-जानेवारीत जा.

दक्षिण टास्मानियाच्या पायवाटांवर लोकांना घेऊन जाण्याचे काम मी अनेक वर्षे करते आहे, आणि माझे उत्तर असे आहे की जुलैमध्ये अवश्य या. धबधबे भरलेले असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, उन्हाळ्यात गाड्यांनी भरून जाणारी वाहनतळे रिकामी मिळतात आणि वॉम्बॅटसारखे (ठेंगणे, बिळात राहणारे, पिशवीधारी) प्राणी भर दुपारी चरताना दिसतात. मात्र उन्हाळ्यातल्या प्रवाशांनी लिहिलेले कार्यक्रम जसेच्या तसे उचलू नका. ते सोळा तासांच्या उजेडावर आखलेले असतात. हिवाळ्यातली सहल किलोमीटर मोजून आखता येत नाही; ती उजेडाचे तास आणि वाऱ्याची दिशा पाहून आखावी लागते.

आधी उजेडाविषयी. होबार्ट सुमारे ४३ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. २१ जूनच्या आसपास येथे सूर्य सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी उगवतो आणि दुपारी ४ वाजून ४३ मिनिटांनी मावळतो, म्हणजे दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात यात फारसा फरक पडत नाही, सूर्यास्त पाचच्या आतच होतो. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट नवी वाटते: भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो आणि क्षितिजापासून फार तर २४-२५ अंश वर येतो. त्यामुळे डोंगराच्या दक्षिण उतारावर, दाट झाडीखाली आणि घळींमध्ये दिवसभर ऊन पोहोचतच नाही. सकाळी पडलेले दवाचे बर्फ अशा ठिकाणी दुपारी दोन वाजतासुद्धा तसेच असते, मग ती पायवाट असो, लाकडी फळ्यांचा मार्ग असो किंवा डांबरी रस्त्याचे वळण असो.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. सकाळी साडेआठच्या आधी शहराबाहेरच्या रस्त्यावर घाई करू नका, आणि दुपारी तीनला, फार तर साडेतीनला, परतीच्या वाटेला लागा. मधले साडेसहा-सात तास तुमचे. त्यांतून जाण्याचे तास वजा केले की हातात काय उरते ते दिसेल, आणि एका दिवसात तीन ठिकाणे कोंबण्याचा मोह आपोआप सुटेल. गावापासून दीड तासापेक्षा लांबचे ठिकाण मी जुलैमध्ये एका दिवसाच्या सहलीत धरत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. या अक्षांशांवर पश्चिमेकडून अखंड वारे वाहतात आणि त्यांच्याबरोबर एकामागून एक थंड हवेच्या लाटा येतात. बेटाच्या पश्चिमेचे डोंगर त्यांतले पाणी आधी काढून घेतात. त्या भागात वर्षाला २००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, होबार्टमध्ये मात्र ६०० मिलिमीटरच्या आसपास. महाबळेश्वर ढगात बुडालेले असताना माण-खटावात धूळ उडते, त्यातलाच हा प्रकार समजा, फक्त येथे तो बाराही महिने चालतो. म्हणूनच पश्चिमेचा आणि उंचावरचा भाग ढगात असताना पूर्व किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असणे ही हिवाळ्यातली नेहमीची गोष्ट आहे.

त्यामुळे मी लोकांना दिवसांचा कार्यक्रम बांधून देत नाही. ठिकाणे ठरवून ठेवावीत, पण कोणत्या दिवशी कोणते ते आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी हवामान खात्याचा, म्हणजे ब्युरो ऑफ मीटिऑरॉलॉजीचा, अंदाज पाहून ठरवावे. वारा पश्चिम-नैर्ऋत्येचा आणि जोराचा असेल तर पूर्वेकडे, टास्मान द्वीपकल्पाकडे किंवा रिचमंडकडे जावे. वारा पडलेला, रात्र निरभ्र आणि सकाळ गारठलेली असेल, तर तो दिवस डोंगराचा. अंदाजात फक्त होबार्टचे तापमान पाहून चालत नाही; हिमरेषा, म्हणजे ज्या उंचीच्या वर बर्फ पडतो ती पातळी, किती मीटरपर्यंत खाली येणार आहे हा आकडाही त्यात दिलेला असतो, आणि तोच जास्त उपयोगी आहे. रस्त्यांवर बर्फाचा धोका असेल तर हवामान खाते वेगळा इशारा देते, पायी भटकणाऱ्यांसाठीही वेगळा इशारा निघतो. हे दोन्ही वाचण्याची सवय पहिल्याच सकाळपासून लावून घ्या.

आता मुलीच्या बर्फाकडे वळते, कारण या प्रश्नावर सर्वांत जास्त निराशा होते आणि ती टाळता येते. होबार्टच्या पाठीशी उभा असलेला डोंगर म्हणजे क्युनानी, ज्याला माउंट वेलिंग्टन असेही म्हणतात. त्याची उंची १२७१ मीटर आहे. शिखरापर्यंत डांबरी रस्ता जातो. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेरोजगारांच्या हाताला काम म्हणून तो बांधला गेला आणि १९३७ मध्ये खुला झाला. शहराच्या मध्यातून वर पोहोचायला गाडीने अर्धा तास पुरतो. खाली १२ अंश असतील तर वर साधारण ४ अंश असतात, आणि वाऱ्यामुळे अंगाला ते शून्याच्या बरेच खाली जाणवतात. हिवाळ्यात शिखरावरचा वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर जाणे अजिबात दुर्मीळ नाही. तशा वाऱ्यात गाडीचे दार उघडतानाही दोन्ही हातांनी धरावे लागते.

अडचण अशी की ज्या दिवशी बर्फ पडतो, नेमका त्याच दिवशी वरचा रस्ता बंद असतो. होबार्ट महापालिका फाटक लावते. कधी ते द स्प्रिंग्स या सुमारे ७०० मीटर उंचीवरच्या जागेपाशी असते, कधी त्याहून खाली. त्यानंतर यंत्राने रस्ता मोकळा झाला आणि दिवस निरभ्र निघाला की फाटक उघडते, आणि तोच दिवस आपला. रस्त्याची स्थिती महापालिका रोज प्रसिद्ध करते. ती पाहून, शक्यतो आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास वर जावे. शनिवार-रविवारी बर्फ असेल तर अर्धे होबार्ट लेकराबाळांसह वर निघालेले असते आणि गाड्यांची रांग लागते. फाटक स्प्रिंग्सपाशी लागलेले असेल तरी हिरमुसू नका. हिमरेषा ६००-७०० मीटरपर्यंत उतरलेली असेल तर स्प्रिंग्सच्या आसपासच मुलीला खेळण्यापुरता बर्फ मिळतो, आणि शिखरापेक्षा तेथे वारा कितीतरी कमी असतो.

बंद फाटक ओलांडून रस्त्याने पायी वर जाणारे लोक दिसतील. त्यांचे अनुकरण करू नका. ढग उतरला की काही मिनिटांत दहा पावलांपुढचे दिसेनासे होते.

शिखरावर काचा लावलेला निवारा आहे, तेथे बसून आई-वडिलांना खालची डेरवेंट नदी आणि समुद्रात घुसलेली भूशिरे आरामात पाहता येतील. निरभ्र आणि गारठलेल्या रात्रीनंतरच्या सकाळी कधीकधी डेरवेंटच्या खोऱ्यातून धुक्याची एक लांब पट्टी नदीवरून समुद्राकडे सरकताना दिसते. स्थानिक लोक तिला ब्रिजवॉटर जेरी म्हणतात. खाली शहरात त्या वेळी हाडे गोठवणारा ओला गारवा असतो आणि वर लख्ख ऊन. हे दृश्य ज्याने पाहिले आहे तो हिवाळ्यात टास्मानियाला जाऊ नका असे कुणाला सांगणार नाही. उतरताना फर्न ट्री येथे थांबून सिल्व्हर फॉल्सची छोटी, जवळजवळ सपाट वाट चालावी. वृक्षनेच्यांच्या सावलीतली ही वाट पाऊस भुरभुरत असतानाच अधिक सुंदर दिसते.

दुसरा दिवस मी माउंट फील्डला देईन, आणि सगळ्या सहलींत ज्येष्ठांसाठी सर्वांत भरवशाची सहल कोणती असे विचाराल तर हीच. होबार्टहून अंतर सुमारे ७५ किलोमीटर, वेळ सव्वा तास. रस्ता न्यू नॉरफोकवरून डेरवेंटच्या काठाने जातो. बुशी पार्कपाशी हॉप्सचे (बिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या वेलीचे) मळे लागतात, हिवाळ्यात त्यांचे उघडे खांब आणि तारा तेवढ्या दिसतात. रसेल धबधब्याभोवतालची जमीन १८८५ मध्येच राखीव झाली होती, आणि १९१६ मध्ये माउंट फील्ड आणि फ्रेसिनेट ही टास्मानियाची पहिली राष्ट्रीय उद्याने ठरली. धबधब्यापर्यंतची वाट पक्की, जवळजवळ सपाट आणि चाकाच्या खुर्चीलाही चालणारी आहे. सावकाश गेले तरी जाऊन-येऊन पाऊण तास लागतो. उन्हाळ्याच्या शेवटी हा धबधबा पातळ होतो. जुलैमध्ये मात्र दोन टप्प्यांत कोसळणारे पाणी संपूर्ण कातळ झाकून टाकते, तुषार अंगावर येतात आणि त्याचा आवाज दूरवर ऐकू येतो. आई-वडिलांना एकच जागा दाखवता येणार असेल तर मी हीच दाखवीन.

तेथून हॉर्सशू धबधब्यापर्यंत पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर त्या सोडून द्या आणि त्याऐवजी टॉल ट्रीज या अर्ध्या तासाच्या फेरीवर जा. येथले स्वॅम्प गम ही निलगिरीची जात जगातल्या सपुष्प वनस्पतींमध्ये सर्वांत उंच वाढणारी आहे, आणि या वाटेवरची काही झाडे ७०-८० मीटरच्या घरातली आहेत. मान मागे टाकूनही शेंडा दिसत नाही, तेव्हा ज्येष्ठांना आधाराला हात द्या. ओल्या पानांवर पाय घसरण्याचे प्रसंग चढावर कमी आणि अशा वर पाहत उभे राहण्याच्या जागी जास्त घडतात.

याच उद्यानात डोंगरावर लेक डॉब्सन नावाचे सरोवर आहे, सुमारे १००० मीटर उंचीवर. तेथे जाणारा १६ किलोमीटरचा रस्ता खडीचा, अरुंद आणि वळणांचा आहे. वर पँडानीची झाडे आहेत, केवड्यासारखी लांब पाने आणि त्यांवर साचलेला बर्फ. टास्मानियाखेरीज ती इतरत्र नैसर्गिकरीत्या उगवत नाहीत. सरोवराभोवतीची छोटी फेरी हिवाळ्यात अप्रतिम असते. तरीही तुम्हाला मी हा रस्ता सुचवत नाही. बर्फ असताना चाकांना साखळ्या लागतात, भाड्याच्या गाडीच्या विम्यात खडीचे रस्ते अनेकदा वगळलेले असतात, आणि वर गाडी अडकली तर सत्तरीच्या माणसांना मदतीची वाट पाहत थंडीत थांबावे लागेल. रस्ता कोरडा असल्याचे उद्यानाच्या माहिती केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितले, विम्याची खात्री झाली आणि घड्याळात अजून बारा वाजलेले नाहीत, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच जा.

टास्मान द्वीपकल्प हा पश्चिमेचा वारा सुटलेल्या दिवसाचा पर्याय. ईगलहॉक नेक ही जमिनीची चिंचोळी पट्टी ओलांडून आपण द्वीपकल्पावर जातो. तिची सर्वांत अरुंद जागा शंभर मीटरही रुंद नाही, आणि पोर्ट आर्थरच्या वसाहतीतले कैदी पळून जाऊ नयेत म्हणून ब्रिटिशांनी तेथे साखळदंडाने बांधलेल्या कुत्र्यांची रांग ठेवली होती. त्याच्या अलीकडेच टेसेलेटेड पेव्हमेंट आहे, समुद्रकाठच्या सपाट खडकावर फरशा बसवल्यासारख्या नैसर्गिक भेगा. ओहोटीच्या वेळी पोहोचाल अशा बेताने निघा, भरतीला तेथे काहीच दिसत नाही. पुढे टास्मान आर्च आणि डेव्हिल्स किचन ही दोन ठिकाणे गाडीतळापासून काही मिनिटांवर आहेत. समुद्राने कड्यात कोरलेल्या या प्रचंड भेगांमध्ये हिवाळ्यातल्या लाटा आपटतात तेव्हा कठड्यापाशीही ते जाणवते. कठड्याच्या आत राहा आणि खडकांवर उतरून छायाचित्रे घेऊ नका. दक्षिण महासागरातून येणारी एखादी लाट आधीच्या दहा लाटांपेक्षा कितीतरी मोठी असते.

पोर्ट आर्थर होबार्टपासून दीड तासावर आहे. १८३० मध्ये लाकूडतोडीची वसाहत म्हणून सुरू झालेले हे ठिकाण पुढे कैद्यांची वसाहत बनले आणि १८७७ पर्यंत चालले. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इतर दहा कैदीस्थळांसह त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हिरवळीचे उतार, पडक्या विटांच्या भिंती आणि शांत खाडी यांमुळे जागा फार रम्य दिसते, आणि तेथे काय घडत होते हे कळले की तो रम्यपणाच अस्वस्थ करतो. म्हणून वाटाड्याबरोबरची सुरुवातीची फेरी चुकवू नका. १९९६ मध्ये याच परिसरात झालेल्या गोळीबारात ३५ जणांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ राखलेली बाग शांतपणे पाहावी, कर्मचाऱ्यांना त्या घटनेविषयी विचारू नये. त्या गावात ते दुःख अजून ताजे आहे. परिसर मोठा आहे, पण मध्येमध्ये बाके आणि उबेला बसता येईल अशा जागा असल्यामुळे आई-वडिलांना त्रास होणार नाही. केप हॉयची चार तासांची वाट याच भागात आहे. ती असंख्य पायऱ्यांची असल्याने यावेळी विसरा.

ब्रूनी बेट आणि मरायाह बेट यांच्यात निवड करावी लागली तर तुमच्या कुटुंबासाठी मी ब्रूनी निवडीन, कारण तेथे गाडी बोटीवर चढवून नेता येते. होबार्टच्या दक्षिणेला ३५ किलोमीटरवर केटरिंग हे गाव आहे, तेथून वीस मिनिटांत बोट पलीकडे नेते. बेटाचे दोन भाग जोडणाऱ्या वाळूच्या पट्टीवर एक टेहळणीची जागा आहे. दोनशेहून अधिक लाकडी पायऱ्या चढून गेल्यावर दोन्ही बाजूंचा समुद्र एकदम दिसतो. तिला ट्रुगानिनीचे नाव दिलेले आहे. ती याच बेटावरच्या न्युनोनी या आदिवासी लोकांपैकी होती, आणि तिच्या लोकांवर ओढवलेल्या सर्वनाशाविषयी तेथे लिहिलेले आई-वडिलांना वाचून दाखवा. छोटे पेंग्विन आणि मटनबर्ड हे समुद्रपक्षी पाहण्याच्या आशेने हिवाळ्यात तेथे संध्याकाळपर्यंत थांबू नका. मटनबर्ड त्या काळात उत्तर गोलार्धात गेलेले असतात आणि पेंग्विनांचा घरट्यांचा हंगाम नसतो. त्याऐवजी अॅडव्हेंचर बेवर दुपार घालवा. जून ते ऑक्टोबर या काळात सदर्न राइट जातीचे देवमासे अशा आडोशाच्या उपसागरांत येतात. ते दिसतीलच असे नाही, पण त्यासाठी बोटीचे तिकीट लागत नाही; किनाऱ्यावर गरम चहा घेऊन, दुर्बीण लावून अर्धा तास शांत बसणे पुरते. तेथेच पांढऱ्या रंगाच्या वॉलबी, म्हणजे लहान कांगारूंसारखे प्राणी, हेही आहेत. दक्षिण टोकाचे दीपगृह १८३८ मध्ये प्रथम उजळले. ते पाहण्यासारखे आहे, मात्र तिथवरचा शेवटचा रस्ता खडीचा आहे आणि वेळ खातो. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळीच लिहून ठेवा आणि त्याच्या आधीची बोट पकडण्याचा बेत करा.

मरायाह बेटाविषयी मला फार ममत्व आहे, म्हणून दोन शब्द. ट्रायबनाहून बोटीने तेथे जातात. बेटावर मोटारी नाहीत, दुकान नाही, खायचे-प्यायचे सगळे सोबत न्यावे लागते आणि आणलेला कचरा परत आणावा लागतो. डार्लिंग्टनच्या जुन्या कैदी-वसाहतीभोवतीच्या गवतावर वॉम्बॅट आणि केप बॅरन हंस माणसांची पर्वा न करता चरतात. टास्मानियन डेव्हिल या प्राण्याला चेहऱ्याच्या संसर्गजन्य कर्करोगाने घेरले, तेव्हा २०१२ मध्ये निरोगी डेव्हिल येथे आणून सोडले गेले. पूर्व बाजू असल्यामुळे येथे ऊनही जास्त मिळते. पण हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात, समुद्र खवळला तर त्या रद्द होतात, आणि एकदा उतरलात की परतीच्या बोटीपर्यंत थंडीपासून आडोसा मर्यादित आहे. वडीलधारी मंडळी एक दिवस होबार्टमध्ये विश्रांती घेणार असतील तर तुम्ही मुलीला घेऊन जरूर जा. वॉम्बॅटपासून काही पावले दूर राहायचे, त्यांच्या वाटेत उभे राहायचे नाही आणि त्यांना काहीही खाऊ घालायचे नाही, हे तिला बोटीतच समजावून ठेवा.

फ्रेसिनेट आणि क्रेडल माउंटन ही दोन नावे प्रत्येक यादीत असतात. फ्रेसिनेटला जायला अडीच तास लागतात, म्हणजे नऊ तासांच्या दिवसातले पाच तास गाडीत. क्रेडल माउंटन होबार्टहून साडेचार तासांवर आहे. दोन्हींना एका दिवसाच्या सहलीत बसवणारे लोक अंधारात परततात, आणि ते धोक्याचे का आहे हे पुढे सांगते. यांपैकी एक करायचेच असेल तर क्रेडलला दोन रात्री राहा आणि परतीचे विमान उत्तरेकडच्या लॉन्सेस्टन शहरातून घ्या. तेथून क्रेडल दोन-सव्वादोन तासांवर आहे. उद्यानाची बस डव्ह सरोवरापर्यंत नेते. सरोवराकाठी काचेचा निवारा आहे, त्यामुळे चालू न शकणाऱ्यालाही डोंगर आणि पाणी समोर बसून पाहता येते. रॉनी क्रीकजवळच्या लाकडी मार्गावर दुपारी उशिरा वॉम्बॅट बाहेर पडतात. सरोवराची सहा किलोमीटरची फेरी तुमच्यासाठी आणि मुलीसाठी आहे, बर्फ गोठलेला नसेल तरच.

गाडी चालवण्याविषयी सविस्तर लिहिते, कारण हिवाळ्यातल्या सहलीचे गंभीर अपघात कड्यांवर होण्याऐवजी रस्त्यांवर जास्त होतात. येथले बहुतेक सस्तन प्राणी निशाचर आहेत. सूर्य मावळला की पॅडीमेलन (वॉलबीहूनही लहान कांगारूवर्गीय प्राणी), वॉलबी, पॉसम, वॉम्बॅट चरायला रस्त्याकडेला येतात. मेलेल्या प्राण्यांचे मांस खायला डेव्हिल आणि क्वोल (मांजराएवढा मांसाहारी प्राणी) येतात आणि तेही गाडीखाली सापडतात. वन्यप्राण्यांच्या भागात संध्याकाळ ते पहाट ताशी ६५ किलोमीटर वेग सुचवणाऱ्या पाट्या दिसतील. त्या गांभीर्याने घ्या, आणि ओल्या वळणांवर त्याहूनही सावकाश जा. प्राणी समोर आला तर ब्रेक दाबा, पण स्टिअरिंग झटक्याने वळवू नका. उन्हाळ्यात हे प्राणी रात्री नऊनंतरचा प्रश्न असतो. जुलैमध्ये तो साडेचारलाच सुरू होतो, म्हणून तीनला परत फिरण्याचा माझा आग्रह आहे. अनेक भाडेकरारांत अंधारातली प्राण्याशी टक्कर विम्याबाहेर असते, तेव्हा ते कलम सही करण्यापूर्वी वाचा.

सकाळी रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. पूल, सावलीतली वळणे आणि नदीकाठ या त्याच्या ठरलेल्या जागा. बेटाच्या मध्यातले उंच पठार तर फार गारठते. तेथल्या लायवीनी येथे ऑगस्ट २०२० मध्ये उणे १४.२ अंश तापमान नोंदले गेले. नकाशावर जवळचा दिसतो म्हणून पठारावरचा रस्ता निवडू नका. काचेवर गोठलेले दव काढण्यासाठी उकळते पाणी ओतू नका, काच तडकते. नळाचे साधे पाणी आणि प्लास्टिकची पट्टी पुरते. शहराबाहेर मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कुठे जात आहोत, कधी परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी सांगून निघा.

कपड्यांबाबत माझा एकच हट्ट असतो: अंगालगत सुती काही नको. घामाने किंवा पावसाने भिजलेले सुती बनियन आणि जीन्स वाळत नाहीत आणि अंगाची ऊब खेचून घेतात. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा पातळ थर, त्यावर स्वेटर किंवा फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारे जाकीट, असे तीन थर ठेवले की माणूस गरजेप्रमाणे काढ-घाल करू शकतो. आईंना साडीच नेसायची असेल तर आतून लोकरीची पायजमी घाला आणि शालीच्या वर जाकीट द्या, कारण शाल वारा अडवत नाही. कानटोपी आणि हातमोजे प्रत्येकाला दोन जोड, एक ओला झाला की दुसरा. बुटांचे तळ खाचांचे हवेत. चामड्याचे गुळगुळीत तळ ओल्या लाकडी मार्गावर टिकत नाहीत. वडिलांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर थंड वाऱ्यात चढ चढू देऊ नका, आणि कोणीही थरथरू लागले, बोलताना अडखळू लागले किंवा उगाचच झोपाळल्यासारखे वाटू लागले, तर चालणे तिथेच थांबवून कोरडे कपडे, गरम गोड पेय आणि गाडीतली ऊब द्या.

डबा सोबत ठेवा. हिवाळ्यात लहान गावांतली उपाहारगृहे लवकर बंद होतात, काही आठवड्यातले दोन-तीन दिवस उघडतच नाहीत. दशम्या, धपाटे, चटणी आणि थर्मासमध्ये गरम सूप हे येथल्या दुपारला फार छान जुळते. मात्र मेलबर्नहून येताना ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या किंवा बियाणे आणू नका. देशांतर्गत विमानातून आलात तरी टास्मानियाच्या विमानतळावर जैवसुरक्षेची तपासणी असते आणि वास घेणारी कुत्री बॅगा हुंगतात. बेटावरची फळबाग आणि जंगल रोगांपासून वाचावे म्हणून हा नियम आहे. ताजे सगळे होबार्टमध्येच विकत मिळते.

लांब रात्रींचा एक फायदा सांगायचा राहिला. दक्षिण ध्रुवप्रकाश, म्हणजे ऑरोरा, होबार्टच्या आसपासहून कधीकधी दिसतो. तो सूर्यावरच्या घडामोडींवर अवलंबून असतो, त्यामुळे त्यासाठी वेगळी रात्र राखून ठेवणे व्यर्थ आहे. आकाश निरभ्र असेल आणि त्या दिवशी इशारा असेल, तर शहराच्या दिव्यांपासून थोडे दूर, दक्षिणेकडे समुद्र दिसेल अशा जागी जा. डोळ्यांना बहुधा फिकट पांढरट पट्टे दिसतात, रंग कॅमेऱ्यात उतरतात. मुलीला हे आधीच सांगून ठेवा.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा. क्रेडलला जायचे ठरले तर तेथला मुक्काम आणि लॉन्सेस्टनचे परतीचे विमान सर्वांत आधी नक्की करा, कारण शालेय सुटीत तेथल्या खोल्या लवकर भरतात. गाडी घेताना खडीचे रस्ते आणि रात्रीची टक्कर यांविषयी लेखी उत्तर घ्या. राष्ट्रीय उद्यानांसाठी गाडीमागे मिळणारा दोन महिन्यांचा सुटीचा पास घ्या, तो दिवसागणिक पासांपेक्षा स्वस्त पडतो. क्युनानीला प्रवेशशुल्क नाही आणि पोर्ट आर्थरचे तिकीट वेगळे आहे. ब्रूनीची बोट, पोर्ट आर्थर आणि क्युनानी यांचे दिवस मोकळेच ठेवा. एक दिवस पाऊस हटलाच नाही, तर अर्ध्या तासावरच्या रिचमंडला जा. तेथला १८२५ मध्ये पूर्ण झालेला दगडी पूल आजही वापरात आहे, त्याच्या आसपास सपाट जागेत फिरता येते, आणि पावसाच्या सरी वाढल्या तर जवळच्या चहाच्या दुकानात बसता येते.